साठ किलोमीटर अलीकडे

आत्याच्या शिकवणीत विमान कधी वेळेवर सुटत नाही, अशी आमची थट्टा असे. हौदांची, आगगाड्यांची गणितं ती चुटकीसरशी उरकायची. विमानाचं आलं की आधी वाऱ्याचा बाण काढायला लावायची, तोही तीनदा. डोक्यावरून खरं विमान गेलं, तर आवाज विरेपर्यंत तिचा खडू थांबलेला. आम्ही तिला पाठीमागे ‘कंट्रोल टॉवर’ म्हणायचो. मीसुद्धा. त्याची अजून लाज वाटते.

पूर्वी ती विमानतळाच्या कचेरीत होती. मालवाहू विमानांना लागणारा वेळ आणि इंधन मांडून द्यायची. त्यातलं एक विमान माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, चालवायचे. मी दोन वर्षांची असताना ते गेले. हवामानाने दगा दिला, एवढंच घरात सांगत. पुढे आत्यानेच आम्हाला सांभाळलं. आई तर तिचा शब्द खाली पडू देत नसे.

चौदाव्या वर्षी, एका दुपारी, आत्याच्या कपाटात मला जुनी वही सापडली. पानोपानी एकच गणित. अंतर चारशे ऐंशी किलोमीटर, विमानाचा वेग ताशी एकशे साठ, जायचं पश्चिमेला, वारा पश्चिमेकडून ताशी चाळीस, इंधन साडेतीन तासांचं. उत्तर कुठेच नव्हतं. मला चेव आला. वारा समोरून, म्हणजे वेग एकशे वीस. साडेतीन तासांत चारशे वीस. मी लिहिलं: विमान साठ किलोमीटर अलीकडे पडेल.

आई मला एकदा बाबांचं विमान पडलं ती जागा दाखवायला घेऊन गेली होती. तिथल्या मैलाच्या दगडावर, बाबांना जिथे पोचायचं होतं त्या गावापुढे, साठ लिहिलेलं होतं.

मान वर केली तर आत्या दारात.

“घाईत बाण उलटा काढला मी,” ती म्हणाली. “वारा पाठीशी धरला. दोन तास चोवीस मिनिटं लिहून दिली.”

“बाबांनी तपासलं नाही?”

“माझं गणित तो कधीच तपासायचा नाही.”

“आईला माहीत आहे?”

तिने नकारार्थी मान हलवली. मग वही ओढून घेतली, आणि सवयीने लाल पेन्सिलने माझ्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली.

आत्या जाऊन चार वर्षं झाली. शिकवणी आता मी घेते. विमान गेलं की माझाही खडू थांबतो.

“तुलाही तिचीच सवय लागली गं,” आई आतून म्हणते. “किती जीव होता तिचा त्याच्यावर.”

“हो,” मी म्हणते, आणि मुलांना बाण पुन्हा काढायला लावते.