ताईंच्या 'ले'चं मी 'ला' केलं

गेल्या वर्षी मी एका बाईची बोली तीन सेकंदांत पुसून टाकली.

चार दिवसांनी ती बाई गेली.

आज त्याला वर्ष झालं.

सुलोचनाताई. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारी राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झालेल्या. माहेर नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यातलं.

दर रविवारी सकाळी त्या आपल्या आयुष्यातलं सांगायच्या आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचो. त्यांचं पुस्तक करायचं होतं आम्हाला.

"ताई, रेकॉर्डिंग करू का?"

"नोको. मंग मी फोनकडे पाहून बोलीन, तुह्याकडे पाहून नाई."

म्हणून त्यांचा आवाज कुठेच नाही. फक्त माझ्या फाइली आहेत, साठेक.

छापणाऱ्यांनी नमुना वाचून कळवलं, मजकूर छान आहे, भाषा तेवढी प्रमाण करून द्या.

मी लगेच हो म्हणालो. ताईंना विचारलंही नाही.

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा माझ्या 'मले'वर अख्खी रूम हसली होती. तेव्हापासून मी घरीसुद्धा 'मला'च म्हणतो.

साठ फाइली हाताने कोण बदलत बसणार? आपण सॉफ्टवेअरवाले. शब्द आपोआप बदलणारी स्क्रिप्ट लिहिली. शब्दाच्या शेवटी 'ले' दिसला की 'ला' करायचा. मले चं मला, तुले चं तुला.

आधी कॉपीवर चालवून बघितली, तर तिने भलताच घोळ घातला. 'मले' तसंच ठेवलं आणि 'लेक'ची 'लाक' केली. 'लेकरू'चं 'लाकरू'. काना-मात्रांमुळे मराठी शब्द कुठे संपतो हेच त्या स्क्रिप्टला कळत नव्हतं. मी एकटाच पोट धरून हसलो.

मग नीट लिहिली. आता 'ले' खरोखर शब्दाच्या शेवटी असेल तरच बदलायचा. आणि या वेळी थेट मूळ फाइलींवर चालवली, बॅकअप न घेता. ऑफिसातल्या पोरांना मी ज्यावरून झापतो, नेमकं तेच केलं.

एंटर दाबलं. तीन सेकंद लागले.

प्रिंट काढून हौसेने दवाखान्यात घेऊन गेलो. ताई ॲडमिट होत्या. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग पानं पांघरुणावर ठेवली.

"हे कोन बोलून राह्यलं रे बाबू?"

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

'मास्तर गेला, त्या दिवशी चहा गॅसवरच राह्यला.'

मास्तर म्हणजे ताईंचे यजमान. ताईंनी सांगितलं होतं, 'मास्तर गेले.' त्या 'गेले'च्या शेवटीही 'ले'च आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चाळीस वर्सं संसार केला म्या. मास्तरले कदी अरे-तुरे नाई केलं. अन् आता ते गेल्यावर करू?"

"ताई, दोन मिनिटांचं काम आहे. उलटं फिरवतो."

"मंग फिरव."

'मला'चं 'मले' झालं लगेच. पण आला, गेला, बसला यांचं काय करायचं? त्यातलं मुळात 'आला' कोणतं आणि 'आले' कोणतं, हे मशीनला कळणार कसं?

ताई सरसकट सगळ्यांनाच 'आले' म्हणत नव्हत्या. नोकरीची ऑर्डर घेऊन पोस्टमन 'आले'. जीपमधून सभापती 'आला'. कुणाला मान द्यायचा ते त्यांचं त्या ठरवायच्या, आणि मी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं होतं.

मी रोज म्हणत होतो, उद्या जाऊन विचारतो.

चौथ्या दिवशी ताई गेल्या.

त्यानंतर वर्षभर मी त्या फाइलींत राहतोय. एकेक वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून बघतो. काही वेळा त्या चक्क ऐकू येतात. मग मी दोन्ही हात की-बोर्डवरून उचलून घेतो.

ताईंची लेक करुणा अमरावतीला असते. तिला फोनवर वाक्यं वाचून दाखवतो.

"हे आले कर," ती सांगते. "हा आलाच असन. याले आई कायले मान देते!"

तिचा आवाज फोनवर थेट ताईंसारखा येतो. पहिल्यांदा तर मी घाबरून फोन कट केला होता.

सगळं झालं. एक वाक्य राहिलं.

लहानपणी ताईंना त्यांच्या गुरुजींनी वर्गात बसू दिलं नाही. 'गुर्जी म्हणे, तू भाईर बस,' एवढंच फाइलीत आहे. दाराबाहेर बसून त्या चौथीपर्यंत शिकल्या. पुढे त्याच शाळेत बाई म्हणून लागल्या. आणि एक दिवस तो माणूस नातवाचं नाव टाकायला त्यांच्याच वर्गात आला.

फाइलीत आता असं आहे:

'मंग गुर्जी आला. मी उठून उभी राह्यली.'

त्या रविवारी ताई इथेच थांबल्या. "आज इतकंच," म्हणाल्या. पुढे कधी तो विषय काढला नाही.

आला की आले?

करुणाला विचारलं. तिने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"आईनं आमाले हे कदी सांगतलंच नाई रे."

म्हणजे हे फक्त मला सांगितलं होतं. मी समोर बसलो होतो, टाइप मीच केलं, आणि ऐकलं नाही.

त्या माणसाला ताईंनी शेवटपर्यंत गुरुजींचा मान दिला, की म्हातारपणी एकदाच, माझ्यासमोर, तो काढून घेतला? त्या एका मात्रेत होतं ते. मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

वर मी 'तो माणूस आला' असं लिहिलंय. तो राग माझा आहे. ताईंच्या तोंडात तो घालायचा हक्क मला नाही.

पुस्तक पुढच्या महिन्यात छापायला जाईल. त्यात ते वाक्य असं राहील:

'मंग गुर्जी आ__. मी उठून उभी राह्यली.'

ताई, ही रिकामी जागा माझी चूक आहे. वाचणाऱ्यांनी ती तुमची समजू नये, म्हणून आज हे सगळं लिहिलं.

जय भीम, ताई.