कथेत मूल नव्हतं

"या कथेचा निवेदक कोण?" मी विचारलं.

व्हायवा चालू होती, म्हणजे तोंडी परीक्षा. पांढरकवड्याच्या कॉलेजात मी बी.ए.ला मराठी शिकवते. कथा जुनी, अभ्यासक्रमातली. एक इनामदार आपल्या वेड्या बायकोला माडीवर कोंडून ठेवतो. निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. इथे तो खुद्द नवराच आहे, त्यामुळे बायको वेडी हे आपल्याला फक्त त्याच्या तोंडून कळतं. पण सकाळपासून प्रत्येकाने गाइडमधलं उत्तर घोकून आणलेलं, 'पती सोशिक आहे.' ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं.

समोर वैशाली होती. लग्न झालेली, पदरी तान्ही मुलगी.

"वेडी नाही मॅडम ते. तिले झोपच नाही भेटून राह्यली. लेकरू रडलं का सासू म्हणते, मायच नाटकी हाय. मंग तिचे पाय विहिरीकडं वळते."

कथेत मूल नव्हतं. विहीरही नव्हती.

मी तिला बाहेर नेलं, पाणी दिलं आणि लगेच तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो शाळामास्तर. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. मला वाटलं, शिकलेला आहे, समजून घेईल.

"हिला डॉक्टरांना दाखवा. बाळंतपणानंतर काहींना असा त्रास होतो. औषधाने जातो."

"तुम्ही म्हणता तं नेतो ना मॅडम."

नेलंही त्याने. यवतमाळच्या मानसोपचार डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पूर्ण बरी होईल म्हणाले. सासरी मात्र एवढंच पोचलं की सून डोक्याच्या डॉक्टरकडे जाते. त्यांनी बैठक बसवली. आमच्याकडे कोर्टाच्या आधी चार मोठी माणसं बसून संसाराचा निकाल लावतात, आणि जिचा संसार ती आत चहा करत असते. वैशालीच्या वडिलांनी मारेगावहून यायचं, मान खाली घालायची आणि तिला घेऊन जायचं, असं ठरलं.

मी नवऱ्याला फोन केला.

"तुम्हीच तं म्हणाले होते मॅडम, तिले त्रास हाय म्हणून," तो तितक्याच नम्रपणे म्हणाला. "त्याईनं बिमारी लपवून पोरगी देली आमाले."

"आणि बाळ?"

"येड्या बाईजवळ लेकरू कसं ठेवाव?"

त्याने फोन ठेवला.

वैशालीने गोळ्या नियमाने घेतल्या. झोप परत आली, पेपरही दिले, पास झाली. मुलगी सासरीच आहे आणि आता आजीला आई म्हणते. ताब्यासाठी कोर्टात तारखा पडताहेत.

"मी तं बरी झाली मॅडम," मार्कशीट घ्यायला आली तेव्हा ती म्हणाली. "पण ते कायले मानतीन? त्याईचं तं काम झालं."

मुलींना डॉक्टरांकडे मी आजही पाठवतेच. फक्त पहिला फोन आता वकिलाला करते.