गोष्टीत मी घातलेली खोट

मी एक गोष्ट फिरवून सांगितली होती. एवढंच. चोरी केली न्हाई, कुणाला मारलं न्हाई. तरी घोंगडं पांघरलं की आजही ती आठवते आणि माझी मलाच चीड येते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं धनगराचं घर तीर्थपुरीजवळच्या एका वाडीत. मी शिकायला जालन्याला गेल्तो, तिथल्या मस्तगड भागात एका लांबच्या मामाकडं राहत होतो. शाळेत सगळं उर्दूत. तिथल्या एका मास्तरांना युनान, म्हणजे ग्रीस, आणि रोमच्या देवांचा भारी नाद. धडा बाजूला ठेवून ते सांगायचे: देव मागं लागला म्हणून पळता पळता झाड झालेली पोरगी, देवीला आंघोळ करताना पाहिलं म्हणून हरीण झालेला आणि स्वतःच्याच कुत्र्यांनी फाडलेला शिकारी. सुट्टीत घरी आलो की मी त्याच गोष्टी सांगायचो. दुपारी आई, वहिनी आणि शेजारच्या दोघी-तिघी लोकर कातत बसायच्या, मधोमध मी. आख्ख्या वाडीत एवढा शिकलेला मी एकटाच, मंग काय विचारता.

आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, हकीम ज्या मुलखाच्या युनानी पुड्या देतो, तोच का हा? मी म्हणालो, बिलकुल तोच. झालं. त्या पुडीनं तिचा जुना खोकला गेला होता. जिथली पुडी लागू पडते तिथले देव खोटे असतील, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. ती हात जोडून ऐकायची. मला हसू यायचं, पण मी तिची समजूत काढली न्हाई. उलट भाव खाऊन घेतला.

वहिनी मात्र हात जोडणारी नव्हती. गोदावरीपलीकडची पोर, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, तोंडाची तिखट आणि हाताची गुणी. तिच्यासारखा बारीक, एकसारखा धागा आमच्याकडं कुणाचाच निघत नव्हता. पण धाग्यापाशी बाईचं काम संपायचं. मागाच्या खड्ड्यात बाईनं पाय घालायचा न्हाई, अशी आमच्या घरची रीत. त्यातून जत्रेला देवाला वाहायचं घोंगडं तर पुरुषानंच, एक वेळ उपाशी राहून विणायचं.

घरात विणणारा दादा एकटाच, आणि त्या साली नेमकं जत्रेच्या तोंडावर त्याच्या उजव्या हाताला गळू झालं. मागावरचा धोटा धरता येईना. त्या दिवसांत आई दिवसभर मेंढरांमागं. तेव्हा दार लोटून घेऊन वहिनी मागावर बसली. तान्ह्या लेकराची झोळी शेजारी टांगलेली, दादा उंबऱ्यात राखणीला. मी सुट्टीवर आल्तो, मला दिसलं. तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि हसली. मीही गप्प राहिलो, तेवढं मात्र नीट वागलो. जत्रेत पुजाऱ्यानं घोंगडं हातात घेऊन काठ निरखला आणि दादाची पाठ थोपटली. वहिनी डोक्यावरचा पदर सावरत खाली बघत होती. तिचा चेहरा कसा फुलला होता, ते सांगता येणार न्हाई.

जत्रेनंतर दोन दिवसांनी मी झाड झालेल्या पोरीची गोष्ट सांगत होतो. वहिनीनं सूत कातायची चाती थांबवली आणि विचारलं, "ती झाड झाली भावजी, मंग तो देव काय झाला? त्याला कुणीच काही केलं न्हाई?" मी त-त-प-प करायला लागलो. ती म्हणाली, तुमच्या मास्तरांना विचारून या मंग. सगळ्या बायका खदखदून हसल्या. आईसुद्धा हसली.

एवढंच लागलं मला. आज वाटतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विणकर पोरीची गोष्ट काढली. ही पोरगी देवीशी विणण्याची पैज लावते. मास्तरांनी सांगितलं होतं की तिचं कापड देवीच्या तोडीचं निघालं, देवीला शोधूनही एक खोट सापडली न्हाई, म्हणून जळफळून तिनं ते फाडलं आणि पोरीचा जाळं विणणारा कोळी केला. मी सांगितलं उलटं. म्हणालो, पोरीच्या कापडाचा काठ वाकडा निघाला. जे काम आपलं न्हाई त्यात हात घातला, देवाला बाटलेलं कापड दाखवलं, म्हणून तिचा कोळी झाला आणि तिचा वंशही तसाच जाळ्यात लोंबकळत राहिला. सांगताना मी वहिनीकडं टक लावून बघत होतो. तिचं तोंड उतरलं. ती उठून लेकराला घेऊन आत गेली. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

सुट्टी संपली, मी जालन्याला परतलो. दोन महिन्यांत वहिनीचं लेकरू तापानं गेलं. मी घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आईनं सांगितलं की वहिनीनं आपण होऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, मी मागावर बसले, देवाला बाटलेलं घोंगडं वाहिलं, त्याचं हे झालं. आईनं तिला शिवी दिली न्हाई, दोघी गळ्यात पडून रडल्या. दादानं नवं घोंगडं विणून देवाला दिलं. वहिनीनं शपथ घेतली, लोकरीला पुन्हा हात लावणार न्हाई. विणणं तर सोडाच, कातणंसुद्धा बंद.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. दादा मला फोडून काढील, ही भीती. आईच्या नजरेतून उतरेन, ही दुसरी. आज बोलू, उद्या बोलू करत मी घनसावंगीला मास्तर झालो, लग्न झालं, आई गेली. वहिनीला पुन्हा मूल झालं न्हाई. ती रानात जायची, मेंढरं राखायची, मला वाढताना भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. तो मी हळूच ताटाच्या कडेला सारायचो.

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी एकदा दुपारी घरी गेलो. वहिनी ओट्यावर एकटीच ज्वारी निवडत होती. मी ठरवूनच आल्तो. तिच्यासाठी म्हणत होतो, पण खरं तर मलाच मोकळं व्हायचं होतं. एका दमात सांगून टाकलं: त्या विणकर पोरीच्या कापडात खोट नव्हती, देवी जळफळली म्हणून तिनं फाडलं, खोट मी घातली, तुम्ही मला हसला होता म्हणून.

तिनं विचारलं, मंग लेकरू कशानं गेलं?

मी म्हणालो, तापानं गेलं. त्या साली कितीतरी लेकरं गेली. तुमचं काही चुकलं नव्हतं, वहिनी.

मला वाटलं, आता ती रडेल, न्हाईतर मला शिव्या घालील. दोन्ही मी सोसलं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"इतकी वर्सं माझ्या चुकीनं गेलं म्हणून मी सोसून राह्यले, भावजी. आता म्हणता, उगंच गेलं?"