एक घरी, एक बांधीत

नवऱ्याचा मार सोसेना झाला तेव्हा चार महिन्यांचं पोरगं कडेवर घेऊन मी आंधळगावजवळच्या माहेरी आले. दारात वहिनी तिच्या लेकीला पाजत बसली होती. म्हणाली, "अवो बाई, उभी काहून? पोराले दे इकडं, हातपाय धू." खरं सांगते, मला भीती होती ती तिचीच. नणंद कायमची घरात आलेली कुणाला आवडते?

धानाचे रोवणे लागले होते. घरात माय नाही, आणि दोघींचीही लेकरं अंगावर पिणारी. वहिनीनंच ठरवलं, एक दिवस ती शेतात, बांधीतल्या चिखलात धानाची रोपं रोवायला जाईल, मी दोन्ही लेकरांना पाजायचं. दुसऱ्या दिवशी मी जायचं. पहिल्याच दिवशी तिच्या लेकीनं तोंड फिरवून भोकाड पसरलं. मीही चिडले, "पी ना माय, तुह्या बापाचं काय जाते!" भूक लागल्यावर बया मुकाट प्यायली.

बांधीत बाया छेडायच्या, "नवरा न्यायले येऊन राहिला का नाही?" मी म्हणायची, "तुले पाहिजे काय? घेऊन जा." चिखलात वाकल्या वाकल्या सगळ्या हसायच्या. दिवसभर गार पाण्यात उभ्या राहिलेल्या बाईनं दुधाची पहिली धार सांडून मगच लेकराला जवळ घ्यायचं, अशी आमच्याकडे रीत. वहिनी कितीही थकून आली तरी माझ्या पोराला घेतानाही ती रीत पाळायची. माझा तिच्यावर जीव जडला तो तेव्हा.

रोवणा संपत आला आणि नवऱ्याचा फोन आला, उद्या न्यायला येतो. जेवताना दादा खाली मान घालून म्हणाला, "लोकं बोलून राहिले. एकदा जाऊन पाह्य." हातातला घास मी ताटात परत ठेवला. रागही आला आणि रडूही.

वहिनीनं भाताचा गंज खाली आदळला. "ह्या बाईच्या दुधावर तुमची पोरगी राहिली, म्हून रोवणा निंगला. आता तिले मार खायले धाडता? धाडा. मंग मी बी जातो माह्या मायच्या घरी. पोरगी ठेवून जातो, तुमीच पाजा तिले!"

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उष्ट्या हातानंच फोन उचलला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "येऊ नका. ती नाही येत."