भिंतीवरची सवाष्ण

भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बायकांचं श्राद्ध. राजापेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी सकाळपासून वडे तळत होते, आणि दुपारी कळलं की ज्या बाईंसाठी तळत होते, त्या पुरुष आहेत.

माझ्या सासऱ्यांचे आजोबा मूकपटांत नट होते. धामणगावच्या कापसाच्या अडतीवरून पळून ते मुंबईला गेले, नाव कमावलं, आणि बोलपट आल्यावर (तोंड उघडताच वऱ्हाड बाहेर पडे) मुकाट्यानं परत आले. एवढा मोठा नट, पण घरात त्याचा एक फोटो नाही! अकोल्याचे एक निवृत्त प्राध्यापक जुन्या वऱ्हाडी नटांचं प्रदर्शन मांडत होते. फोटो असेल तरच जागा. सासूबाईंनी मात्र ‘आमचे आजोबा अकोल्यात लागणार’ असं गावभर सांगून टाकलेलं. मोर्शीच्या नणंदेनं त्यासाठी साडीही घेतली होती.

प्राध्यापक नेमके नवमीलाच आले. माळे, ट्रंका सगळं उपसलं, काही सापडलं नाही, असं मी सांगितलं. ते हळहळले, निघाले, आणि भिंतीसमोर थबकले. तिथं सासूबाईंच्या आजेसासूबाई होत्या. नऊवारी, नथ, काचेवर हळदकुंकू, पुढ्यात मी भरलेली ओटी.

“हे काय, इथंच तर आहेत ते,” प्राध्यापक म्हणाले.

त्यांनी मोबाइलवर एका मूकपटाचा उरलासुरला तुकडा दाखवला. तीच नथ, तीच तिरकी मान. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. आमचे आजोबा हीरो नव्हते, हिरॉइन होते! झाडाला टेकून असे लाजत होते, की तसं लाजणं मला माझ्या लग्नातही जमलं नव्हतं.

फोटो धामणगावहून घर हलवताना गाद्यांबरोबर आलेला. नव्या सुनेनं सासरच्या भिंतीवरच्या बाईची चौकशी करायची नसते, म्हणून सासूबाईंनी केली नाही, पुढे मीही केली नाही. सासरे सांगू शकले असते, पण ते आमच्या घरातले शेवटचे मूकपट. आणि मी? लेकीच्या लग्नात मी व्याह्यांना ऐकवलं होतं, “रूप खापरपणजीवर गेलंय हो.”

पूजेतला फोटो मागायला प्राध्यापक कचरत होते. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

“पदर त बापा माह्यापेक्षा चांगला घेतला यानं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पाहून काय राह्यली? उतरव. अकोल्याले नेऊन दे. कुकू पुसू नको. लोकाले दिसू दे, घरात मान होता म्हणून.”

“आणि ही ओटी, आई?”

“त्याच्या बायकोच्या नावानं दे. तिले आजवर कायी भेटलंच नाई.”

प्राध्यापक म्हणाले, दारातच लावतो, सगळ्यांत मोठा करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो मांडीवर घेऊन मी अकोल्याच्या एसटीत बसले. गाडी खच्चून भरलेली. शेजारच्या बाईंनी कुंकू पाहून हात जोडले आणि विचारलं, “सासूबाई काय?”

“नाही, सासऱ्यांचे आजोबा.”

बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि उठून कंडक्टरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. अकोल्यापर्यंत आम्ही दोघी ऐसपैस बसून गेलो.