चव्वेचाळीस पायऱ्या

पहाटे साडेचारला खुर्चीवाल्याचा दिवस सुरू व्हायचा. उठल्याबरोबर वेत भिजत घालायचा, कारण वेत ओला आहे तोवरच बोटांचं ऐकतो. लहानपणीच त्याचे दोन्ही पाय लुळे पडले होते. हातांत चपला घालून, तळव्यांवर अंग तोलून तो सरकायचा. दुपारपर्यंत एका खुर्चीची बैठक तयार. शेजारचा गवंडी कुणाच्या कामाला सहसा चांगलं म्हणायचा नाही. त्यानं एकदा त्या विणीवर आपलं रेष तपासायचं सूत धरून पाहिलं, चूक सापडली नाही, तसं ते गुंडाळून खिशात घातलं.

पण खुर्चीवाल्याचे खांदे आता कुरकुरू लागले होते. आठवड्याला सहा खुर्च्या व्हायच्या, तिथं चार होऊ लागल्या. म्हणून त्यानं अपंगांच्या पेन्शनसाठी अर्ज केला. ‘तपासणीसाठी स्वतः हजर राहावे’ अशी चिठ्ठी आली. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टला कुलूप, कुलपाला गंज.

“चल, पाठीवर घेतो,” गवंडी म्हणाला. “सिमेंटच्या गोणीपेक्षा हलका आहेस.”

“गोणी आपटतोस तसा आपटशील. तू आपला कागद सांभाळ.”

तो जिन्याकडे पाठ करून बसला. तळवे वरच्या पायरीवर, खांदे ताठ, अंग वर, मग पाय एकेक करून ओढून घ्यायचे. गवंडी मोजत मोजत मागून येत होता. त्यानं जन्मभर पाट्या वाहिल्या होत्या, जोर कुठं लागतो ते त्याला कुणी सांगायला नको होतं. तिसाव्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं, आपणच श्वास रोखून धरलाय. पायऱ्या चव्वेचाळीस भरल्या. वर पोचल्यावर खुर्चीवाल्यानं घाम पुसला, भांग नीट केला आणि मग आत गेला.

तिथंच तो चुकला.

“लिफ्ट बंद आहे ना? कुणी आणलं वर?” कारकुनानं विचारलं.

“कोण आणणार? माझा मी आलो.” आणि वर छाती काढून बसला.

महिन्यानं उत्तर आलं: ‘अर्जदार दोन मजले विनामदत चढतो. अर्ज नामंजूर.’

गवंडी भडकला. “नडली ना तुझी ऐट! जरा कण्हला असतास तर काय बिघडलं असतं? पुढच्या वेळी मी उचलून नेणार, तू नुसती मान टाकायची.”

“वीण सैल सोडता येत नाही मला. सोंग कुठून जमणार?”

दुसऱ्या अर्जाच्या तपासणीलाही तो तसाच चढला. नवव्या पायरीवर कुबड्या घेतलेली एक बाई भिंतीला टेकून उभी होती. ती वर बघायची, खाली बघायची. शेवटी उतरून निघून गेली. खुर्चीवाल्यानं तळवे पुढच्या पायरीवर टेकले.

वर गेल्यावर त्यानं दोन्ही तळवे कारकुनाच्या टेबलावर उघडे ठेवले.

“चढतो, हे खरंच आहे. ते लिहा. पण पुढचंही लिहा. बावीस मिनिटं लागली. उद्या आणि परवा खांदा वर जाणार नाही, म्हणजे एक खुर्ची गेली. एवढं सगळं लिहा, मग हवं तर नामंजूर करा.”

कारकुनानं त्या तळव्यांवरचे घट्टे पाहिले. मग त्यानं लिहिलं, शब्द न् शब्द. चार महिन्यांनी पेन्शन मंजूर झाली.

त्या आठवड्यात खुर्चीवाल्यानं गवंड्याला हाक मारली. “त्या जिन्याला कठडा बसवायचाय. कचेरीला विचारलं. त्यांना खर्च नसेल तर हरकत नाही म्हणतात.”

“आता तुझं काम झालं ना? तू कशाला?”

“माझ्या हातांना घट्टे आहेत. सगळ्यांच्या कुठं असतात?”

“बरं. मी मजुरी घेणार नाही.”

“मग दुसरा गवंडी बघतो.”

गवंड्यानं मजुरी घेतली. सुट्टीच्या दोन दिवसांत काम पुरं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच कामावर तीनदा सूत धरलं. साडेचारला उठून विणलेल्या खुर्च्यांची वर्षभराची शिल्लक त्या कठड्यात गेली. लोखंडी नळ्या दोन: एक उभ्या माणसाच्या हाताला येणारी, दुसरी पायरीपासून वीतभर वर, बसून चढणाऱ्यासाठी. दोन्ही थेट चव्वेचाळिसाव्या पायरीपर्यंत.