धरणकाठी नाकानं केलेली परीक्षा

समईवरचा मोर चिंचेच्या कोळानं लखलखीत झाला होता, बूड मात्र अजून काळंच होतं. तेवढ्यात फोन वाजला. म्हाळसाबाईंनी चिंचेचा हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला.

"आई, सोमवारी सही करायचीय. कायमची नोकरी द्यायलेत," नाशिकहून अपेक्षा म्हणाली. "पण आधी तू येऊन बघ. तू नको म्हणालीस तर मी सही करणार न्हाई."

अपेक्षा त्यांची एकुलती एक लेक. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकली आणि वर्षापूर्वी नाशिकला, धरणकाठच्या एका वायनरीत लागली. गावातल्या, पिंगळीच्या भजनी मंडळात मात्र म्हाळसाबाईंनी सांगितलं होतं की पोरगी द्राक्षाच्या रसाच्या कारखान्यात आहे. रोजच्या वहीतही तसंच लिहिलं होतं. ती वही कुणी वाचत नसे, पण देव डोकावत असेल तर त्यालाही तेवढंच कळावं. खोटं काहीच नव्हतं. रस होताच, फक्त त्याचं पुढं काय होतं ते सांगायचं राहून गेलं होतं.

गळ्यात तुळशीची माळ आणि लेक दारू गाळणार, हे काही चालायचं नाही. नको म्हणून सांगायचं आणि पोरीला घेऊनच यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. समई तशीच कोनाड्यात ठेवली.

निघताना शेजारच्या गोजरबाई कापडी पिशवी घेऊन आल्या. मंडळात टाळ त्यांचा आणि आवाजही त्यांचाच. "येताना दोन बाटल्या आणा बरं का रसाच्या. आमच्या नातवाला लय आवडतो."

म्हाळसाबाईंनी पिशवी घेतली. दुसरं काय करणार?

बन्सीधर, त्यांचे यजमान, परभणी स्टेशनवर गाडीत बसवताना मिशीत हसत होते. "जा, बघून ये. तू चाखशील ही भीती मला न्हाई. तीस वर्षं झाली, भाजीतलं मीठसुदिक चाखलं न्हाईस."

हे खरंच होतं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, म्हणून म्हाळसाबाई वाफेवर नाक धरून मीठ ओळखत. निदान त्यांचा तसा समज होता. "देवाला कमी पडलं तर देव बोलत न्हाई," बन्सीधर म्हणत, "मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी अपेक्षा त्यांना धरणाच्या काठाकाठानं घेऊन निघाली. पहिल्या वायनरीत तळघर होतं. अंधार, गारवा, दगडी भिंती आणि ओळीनं मांडलेली लाकडी पिंपं. आत शिरताच म्हाळसाबाईंचे हात आपसूक जुळले. चपला तर त्यांनी दाराबाहेरच काढल्या होत्या. बाहेर येऊन बघतात तो तिथं आणखी सहा जोड! मागून आलेल्या पुण्याच्या मंडळींना वाटलं, इथला नियमच असेल.

"आई, हा गाभारा न्हाई," अपेक्षा कानाशी पुटपुटली.

"मला काय माहीत? देवळातबी एवढं गार लागत न्हाई."

दुसरी वायनरी अपेक्षाचीच. तिथं ती पांढरा कोट घालून टेबलाशी बसली. तिनं पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकला. म्हाळसाबाईंचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी आणखीच वर आला.

"थुंकतीस का गं?"

"दिवसातून पन्नास वेळा. गिळलं तर काम कसं होईल?"

"आन् थुंकायचा पगार देतात?"

शेजारी बसलेले तिचे साहेब हसले. अपेक्षानं एक पेला आईपुढं सरकवला. "वास तर घे. वासानं माळ बाटत न्हाई."

वास काय, रस्त्यानं जातानाही येतो, असं मनाला समजावून म्हाळसाबाईंनी नाक पुढं केलं आणि झटक्यात मागं घेतलं. "शेरडं! पावसात भिजलेली शेरडं गोठ्यात बांधली की येतो तसा वास."

त्यांच्या माहेरी पन्नास शेरडं होती. हा वास ओळखायला त्या झोपेतही चुकल्या नसत्या. साहेबांनी तोच पेला तीनदा हुंगला. "सकाळपासून खटकत होतं, पण काय ते सापडत नव्हतं," म्हणत त्यांनी ते पिंप बाजूला काढायला सांगितलं.

झालं! तिसऱ्या वायनरीत शिरताना म्हाळसाबाईंची मान अशी ताठ की माळ गळ्याला रुतावी. पाण्याकडच्या टेबलावर पेले मांडलेले होते. त्यांनी एक उचलला, लेकीसारखा फिरवला, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चिंच हाय. गूळबी हाय. आन् मागून थोडा धूर."

पेले मांडणारी मुलगी संकोचून म्हणाली, "मावशी, यात अजून काही ओतलं नाहीये."

चिंच त्यांच्या स्वतःच्या नखांतली होती, समई घासतानाची. अपेक्षा हसून हसून खाली बसली. मग म्हाळसाबाईही पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

हसू ओसरल्यावर दोघी काठावरच्या पायरीवर टेकल्या. अपेक्षाचा चेहरा गंभीर झाला. "सांग आता. करू का नको?"

"तुला हे नाक कुणी शिकवलं?"

"तूच की. लहानपणी पातेल्यावर माझं डोकं धरून विचारायचीस, मीठ बरोबर हाय का? चाखू द्यायची न्हाईस. मी वासावरून कमी हाय म्हणायचे. तू नुसती मान डोलवायचीस, आन् मग मी लपून थोडं टाकायचे."

म्हणजे बन्सीधर ज्या दिवशी बोलत नसत, त्या दिवशीचं मीठ लेकीचं होतं! आणि ज्या नोकरीला नको म्हणायला त्या पाचसहा तासांची गाडी करून आल्या होत्या, तिच्या वाटेला पोरीला त्यांनी स्वतःच लावलं होतं, तेही देवाच्या चुलीपुढं उभं करून. आता देवाला काय तोंड दाखवायचं? पण त्यालाही इतकी वर्षं ठाऊक असणार.

"कर सही," त्या म्हणाल्या. "पण गिळू नको."

"गिळलं तर नोकरीच जाईल, आई."

"मग बरं हाय."

परतीच्या वाटेवर स्टेशनबाहेरच्या दुकानात द्राक्षाच्या रसाच्या बाटल्या दिसल्या. अगदी साधा रस. म्हाळसाबाईंनी दोन उचलल्या आणि गोजरबाईंच्या पिशवीत घालूनही पाहिल्या. किती सोपं होतं! मंडळात पुढं दहा वर्षं बघायला नको. मग "आता खोट्यावर पक्की पावती घेऊ का काय," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी दोन्ही फळीवर परत ठेवल्या. दुकानदार चकित होऊन बघत राहिला.

घरी येऊन हातपाय धुतले, कोनाड्यातली समई उतरवली आणि बुडाचा काळेपणा जाईपर्यंत घासली. दिवा लावला. वहीत रसाच्या पुढची गोष्ट एका ओळीत लिहिली. मग रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली. गोजरबाईंकडं जाऊन ती परत द्यायची होती, आणि पोरगी वाईनच्या कारखान्यात आहे हे सांगायचं होतं.